शाळा आली की तीस

बाबू, लायसन हातात आलं, गाडी दारात आली, पेढेही वाटून झाले. आता काकाचं ऐकून घे. मी एसटीचं स्टेअरिंग धरून म्हातारा झालो. घाट पाहिले, जंगलातले रस्ते पाहिले, रात्रीचे हायवे पाहिले. सगळ्यात कठीण रस्ता कोणता, असं कोणी विचारलं तर मी शाळेसमोरचा रस्ता सांगतो. घाटात वळण कुठं आहे हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. शाळेसमोर पोट्टं कुठून निघेल हे कोणालाच ठाऊक नसतं, खुद्द त्या पोट्ट्यालाही नसतं.

तुझं घर जरीपटक्यात. सकाळी गाडी काढलीस की शाळांच्या गर्दीतूनच तुला बाहेर पडावं लागणार. दयानंद आर्य कन्या विद्यालय आहे, महात्मा गांधी सेंटेनियल सिंधू हायस्कूल आहे, गल्लीबोळातल्या लहान शाळा आणि शिकवणी वर्ग वेगळेच. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ही वस्ती उभी केली, बाजार मोठा केला. त्यामुळे इथं बाजाराचा रस्ता आणि शाळेचा रस्ता एकच आहे. एका बाजूला भाजीचे ठेले, दुसऱ्या बाजूला दुकानांसमोर लावलेल्या दुचाक्या. मधे जी पट्टी उरते तिच्यातून ऑटो, ई-रिक्षा, महापालिकेची ‘आपली बस’ आणि पाठीवर दप्तर घेतलेली लेकरं, सगळे एकदम जातात.

माझं सगळं सांगणं एका वाक्यात मावतं. लेकरू चुकणारच असं धरून आपला वेग ठेवायचा. त्याची चूक आपल्या वेगाने आधीच पोटात घेतली पाहिजे. पुढचं सगळं याच वाक्यातून निघतं.

पाटी असो नसो, तीस

शाळेचा त्रिकोणी फलक दिसला, गणवेशातली पोरं दिसली, शाळेची भिंत सुरू झाली, की काटा ताशी तीसच्या खाली आला पाहिजे. गर्दी असेल तर वीस, फाटकासमोर दहा. तिथं वेगाची पाटी आहे का हे शोधत बसू नकोस.

कोणी तुला सांगेल, शहरात कारला सत्तरची मुभा आहे. तेही खोटं नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढली. तिच्यात महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला सत्तर, दुचाकीला साठ आणि तीनचाकीला पन्नास अशी कमाल मर्यादा आहे. पण ती कमाल आहे, तेवढं पळवायलाच हवं असं कुठं लिहिलं नाही. स्थानिक यंत्रणा फलक लावून ती मर्यादा कमी करू शकते आणि जिथं कमी आकड्याची पाटी आहे तिथं तोच आकडा कायदा. मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला एक ते दोन हजारांचा दंड आहे, आणि पुन्हा सापडलास तर लायसन जाऊ शकतं. पण दंडाच्या भीतीने पाळलेला वेग कॅमेरा संपला की वाढतो. म्हणून तुला दंडापेक्षा कारण जास्त सांगतो.

तीस हा आकडा माझ्या डोक्यातून निघालेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरातल्या मंत्र्यांची परिषद झाली. जिथं पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी सारख्याच मिसळतात तिथं वेग तीसच्या वर जाऊ देऊ नये, असं तिच्या जाहीरनाम्यात आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने तर १९९२ मध्येच आपल्या वस्तीतल्या रस्त्यांवर तीस लावले. स्पेनने मे २०२१ मध्ये शहरांतल्या एकेक लेन असलेल्या रस्त्यांवर ते लागू केलं. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर वीस मैल केले, म्हणजे साधारण बत्तीस किलोमीटर. तिकडचे रस्ते रुंद, फूटपाथ मोकळे, तरी त्यांना हा आकडा लागला. आपल्या बाजारातल्या रस्त्याला तर तो जास्तच लागतो.

थांबायला किती जागा लागते हे पाठ कर

हा भाग नीट ऐक, कारण इथंच सगळे फसतात.

पोरगं समोर आलं की डोळ्याने पाहायचं, डोक्याने समजायचं, पाय ब्रेकवर न्यायचा. जागरूक माणसालाही याला एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी आहे त्याच वेगाने पुढं जात असते. तीसच्या वेगाला त्या सेकंदात आठ मीटर जातात. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी पाच मीटर. म्हणजे गाडी तेरा मीटरमध्ये थांबते.

पन्नासच्या वेगाला त्या पहिल्या सेकंदातच चौदा मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावर आणखी चौदा. म्हणजे अठ्ठावीस मीटर.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघ. लेकरू तेरा मीटरवर आडवं आलं. तीसवाला त्याच्यापुढं थांबला. पन्नासवाल्याचा पाय तोवर ब्रेकवर पोहोचलेलाही नाही. तो कमी वेगात धडकत नाही, पूर्ण पन्नासनेच धडकतो. आकड्यांत वीसचा फरक आहे, पण त्या लेकरासाठी तो सगळा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. थोडासाच जास्त आहे, असं वेगाच्या बाबतीत म्हणता येत नाही ते यासाठी.

रस्ता ओला असला, टायर घासलेले असले, डांबरावर बारीक गिट्टी पसरली असली, की ब्रेकनंतरची जागा आणखी वाढते. गाडीत पाच माणसं आणि सामान असलं तरी अंदाज चुकतो.

आणि वाचतं किती? शाळेचा अर्धा किलोमीटर तीसने गेलास तर एक मिनिट लागतं. पन्नासने गेलास तर छत्तीस सेकंद. चोवीस सेकंदांचा फायदा, आणि तोही पुढच्या सिग्नलवर उभा राहून संपतो. उशीर होत असेल तर घरून पाच मिनिटं आधी निघ. उशिराची भरपाई शाळेसमोर करायची नाही.

पाय ब्रेकवर ठेव

शाळेच्या पट्ट्यात शिरताना कार दुसऱ्या गिअरवर आण. ॲक्सिलरेटर सोड आणि पाय ब्रेकच्या पेडलवर, न दाबता, नुसता टेकवून ठेव. स्कूटर असेल तर मूठ सोड आणि दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर ठेव. पाय हलवण्यात जो वेळ जातो तो एवढ्याने वाचतो.

मोबाइल शाळेआधीच बंद. तीसच्या वेगाला दोन सेकंद पडद्यावर पाहिलंस तर गाडी सोळा-सतरा मीटर आंधळी गेली. गाडी चालवताना हातात फोन धरणं कायद्याने धोकादायक वाहन चालवणं आहे, तेही लक्षात असू दे. गाणी थोडा वेळ बंद कर, शाळेजवळ काच खाली घे. पोरांचा गलका दिसायच्या आधी ऐकू येतो.

लेकराला मोठा माणूस समजू नकोस

पहिली-दुसरीतल्या लेकराचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्याही खाली असतात. उभ्या कारच्या मागं ते उभं असलं की त्याला तू दिसत नाहीस आणि तुला ते दिसत नाही. रस्ता दिसावा म्हणून ते कारच्या पुढं एक पाऊल टाकतं, आणि ते पाऊल तुझ्या चाकांच्या वाटेत पडतं.

दुसरं, त्याला वेग कळत नाही. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी वीस मैलांपेक्षा, म्हणजे बत्तीस किलोमीटरपेक्षा, वेगाने येणारी गाडी किती जोरात येऊन राहिली हे नीट ओळखता येत नाही, असं त्यांना आढळलं. गाडी त्यांना दिसते, पण ती आपल्यापर्यंत कधी पोहोचेल हे कळत नाही. त्यांची नजर आणि मेंदू अजून तेवढे तयार झालेले नसतात. शिकवून, रागावून, मारून ते लवकर येत नाही. म्हणून ‘त्याला दिसत नव्हतं काय?’ हा प्रश्न मोठ्याला विचार, लेकराला विचारू नकोस. आपला वेग तीसच्या आत असला तर निदान त्याला ओळखता येईल असा असतो.

तिसरं, लेकराच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट असते. पलीकडे आई दिसली की मधला रस्ता त्याच्यासाठी नसतोच. मैत्रीण दिसली, कुल्फीवाला दिसला, हातातली बाटली घरंगळली, की ते धावलं. ते काहून धावलं हे नंतर विचारून उपयोग नाही. फुटपाथवर लेकरू आणि समोरच्या बाजूला हात हलवणारी बाई दिसली, तर लेकरू धावणार असं समजूनच चालव.

कुठं बघायचं

ड्रायव्हरची नजर शिकवता येते. माझ्या उस्तादांनी मला शिकवली, मी तुला देतो.

उभ्या गाड्यांच्या खाली बघ. काळे बूट-पांढरे मोजे हलताना दिसले तर पुढच्या फटीतून पोरगं निघणार आहे.

उभ्या ऑटोच्या पुढं बघ. ऑटोतून उतरलेली लेकरं बऱ्याचदा ऑटोच्या पुढून रस्ता ओलांडतात, कारण शाळा पलीकडे असते.

एक लेकरू ओलांडून गेलं की लगेच गिअर टाकू नकोस, दुसरं शोध. भाऊ गेला की बहीण येते, पुढची मैत्रीण गेली की मागची धावते. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, दुसऱ्याकडे कोणाचंच नसतं.

चेंडू रस्त्यावर आला तर त्याच्या मागं कोणी आहेच असं समजून पूर्ण थांब.

सायकलवरच्या पोरापासून एक हातभर जास्त अंतर ठेव. खड्डा आला की ते न बघता तुझ्याकडे वळणार. पाठीवरच्या दप्तराने त्याचा तोल आधीच मागं गेलेला असतो.

हॉर्न वाजवू नको, हात दाखवू नको

लेकरू रस्त्याच्या मधोमध असताना हॉर्न मारला तर ते दचकतं. काही जागीच थिजतात, काही उलट मागं पळतात, काही दुसऱ्या बाजूने येणाऱ्या गाडीपुढं धावतात. हॉर्नने लेकराला वाट सुचत नाही. तू थांब, ते त्याच्या चालीने जाईल.

थांबल्यावर चांगुलपणाने हात हलवून ‘जा जा’ करायचीही घाई करू नकोस. तू थांबला आहेस, पण तुझ्या उजवीकडून येणारा दुचाकीवाला थांबलेला नाही. लेकरू तुझ्या हातावर विश्वास ठेवून निघतं आणि त्याच्यापुढं जातं. आधी आरशात बघ, मागच्यांना ब्रेकलाइट दिसावा म्हणून ब्रेक हळूहळू दाब, गरज पडली तर इंडिकेटरचे दोन्ही दिवे लाव. मग शांत उभा राहा.

मागचा हॉर्न मारून राहिला तर मारू दे. त्याला लेकरू दिसत नाही, तुला दिसतं.

थांबलेली स्कूल बस म्हणजे आपणही थांबलो

पिवळी बस, व्हॅन किंवा शाळेचा ऑटो पोरांना उतरवत असेल तर त्याला ओलांडून पुढं जाऊ नकोस. मागं उभा राहा. रस्ता अरुंद नसेल आणि जावंच लागलं तर पायी चालण्याच्या वेगाने, बसच्या पुढच्या टोकावर नजर ठेवून जा. समोरून येत असशील तरी हेच. बसच्या पुढून ओलांडणारं लेकरू बसच्या ड्रायव्हरलाही दिसत नाही, आणि तुला तर अजिबात दिसत नाही.

वेळ आणि ऋतू ओळख

सकाळी शाळा भरताना पोरं येतात ती एकेक करून, झोपेत, आईबापाच्या हाताला धरून. सुटताना फाटकातून एकदम शेकडो बाहेर पडतात, हात सोडून, ओरडत. मला सुटायच्या वेळेची जास्त धास्ती असते. आपल्या वाटेवरच्या शाळांच्या सुटायच्या वेळा विचारून ठेव आणि जमलं तर त्या पंधरा-वीस मिनिटांत दुसऱ्या रस्त्याने जा.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. लेकरांची झोप झाली हे चांगलंच झालं. पण ज्या शाळा नऊनंतर भरतात त्यांच्यासमोर ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी आणि सगळ्यात लहान मुलं एकाच वेळी येतात. तू त्याच गर्दीतला आहेस, हे विसरू नकोस.

आपल्या विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, आणि उघडतात त्या पावसासोबतच. पहिल्या आठवड्यात नवी पोरं असतात, त्यांना फाटक ठाऊक नसतं, रस्ता ठाऊक नसतो. रेनकोटची टोपी डोक्यावर आली की लेकराला आजूबाजूचं दिसत नाही, छत्री पुढं धरली की समोरचंही दिसत नाही. त्या दिवसांत तीस नको, वीस ठेव. पाणी साचलेल्या जागी तर आणखी हळू. खड्डा किती खोल आहे ते कळत नाही आणि पोरं पाणी टाळायला रस्त्याच्या मधे येतात.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, काचेवर वाफ धरते. काच पूर्ण साफ झाल्याशिवाय घरून निघूच नकोस. आणि मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या होतात तेव्हा कोवळं ऊन थेट डोळ्यात येतं. समोरचं दिसत नसेल तर दिसेल एवढाच वेग.

लेकराला सोडायला जाताना

उद्या तुझीच पोरगी शाळेत जाईल. शाळेसमोर सगळ्यात जास्त घाईत असतात ते पालकच. म्हणून हे आताच सांगून ठेवतो.

फाटकासमोर गाडी लावू नकोस. शे-दोनशे पावलं आधी लाव आणि लेकराचा हात धरून चालत जा. प्रत्येकाने फाटकाला चिकटून गाडी लावली की पोरांना उभ्या गाड्यांच्या फटींतून रस्त्यावर यावं लागतं, आणि मघाशी सांगितलं तोच धोका आपणच तयार करतो.

लेकराला नेहमी डाव्या दाराने, रस्त्याच्या कडेला उतरव. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावून ठेव, दार तू उघड. स्वतःचं दार उघडताना डाव्या हाताने उघड. त्याने अंग आपोआप मागं वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

शाळेसमोर रिव्हर्स घ्यायचा नाही. उंच गाडीच्या मागं लहान लेकरू उभं असलं तर आरशातही दिसत नाही. घ्यावाच लागला तर आधी उतरून मागं एक चक्कर मार, कोणाला तरी उभं कर, मग गाडी हलव. यू-टर्नही चौकात जाऊन घे.

आणायला गेलास तर शाळेच्या बाजूलाच उभा राहा. पलीकडे उभं राहून हाक मारू नकोस. हाक ऐकली की लेकरू धावतं.

दुचाकीवर लेकरू

आपल्या भागात निम्म्याहून जास्त लेकरं स्कूटरवरच शाळेत जात असतील असं वाटतं. सूनबाईलाही हे सांग.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं, असा कायदाच आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि ते मागं बसलेलं असताना गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. हा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाला आणि एक वर्षाने लागू झाला. मोठ्याचं हेल्मेट लहानाच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे हेल्मेट नसणंच.

लेकराला पुढं पायदानावर उभं करू नका. अचानक ब्रेक लागला की त्याचं तोंड हँडलवर आपटतं. मागं बसवा, दोन्ही पाय फुटरेस्टवर टेकत असतील तरच. दप्तर समोर हुकाला लावा, पण हँडल वळायला अडेल असं नको. दोन लेकरं आणि एक मोठा, असं तिघं नको. दोन फेऱ्या झाल्या तर होऊ द्या.

व्हॅनवाल्याशी बोल

लेकराला ऑटोत किंवा व्हॅनमध्ये पाठवणार असशील तर पैसे ठरवायच्या आधी त्याच्यासोबत एक दिवस बस. किती पोरं बसवतो, दार नीट लागतं का, फोनवर बोलतो का, शाळेजवळ किती वेगाने जातो, बघ. एका फेरीत कळतं.

शाळेच्या गाड्यांच्या अपघातांचं दुःख नागपूरला नवं नाही. २०१२ मध्ये शहरात एका शाळकरी मुलाचा स्कूल बसखाली जीव गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मानकापूर उड्डाणपुलावर सकाळच्या वेळी स्कूल बस आणि मुलांची व्हॅन समोरासमोर धडकली. एक विद्यार्थिनी आणि व्हॅनचा चालक गेले. या पुलावरून तू नेहमी जाशील. जाताना वेग सांभाळ.

स्कूल बससाठी महाराष्ट्राचे २०११ चे नियम आहेत. बसमध्ये मदतनीस हवा, प्रथमोपचार पेटी हवी, वेगनियंत्रक हवा. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकही असतात. शहरात तिच्यावर पोलीस आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची समिती असते. तुझ्या लेकराच्या शाळेत समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायचा तुला हक्क आहे.

अठराच्या आत चावी नाही

ही गोष्ट मी कठोरपणे सांगतो. शिकवणीला जायचं म्हणून नववी-दहावीतल्या पोरांच्या हातात स्कूटर देणारे आईबाप रोज दिसतात. सोळाव्या वर्षी जे लायसन मिळतं ते गिअर नसलेल्या आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. घरातली स्कूटर साधारण ११० सीसीची असते, ती त्यात बसत नाही. सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९अ लागू आहे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पण खरं कारण हे की मित्राला मागं बसवून शाळेसमोर जोरात जाणारं पोट्टं आपल्याच धाकट्या भावंडांच्या जिवावर उठतं. तुझा भाचा हट्ट करेल. त्याला सायकल घेऊन दे.

मागायला शिक

एकट्याने हळू चालवून पुरत नाही, रस्ताही तसा हवा. जानेवारी २०२५ मध्ये आपले खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं की देशात शाळा-कॉलेजांच्या येण्याजाण्याच्या जागी नीट सोय नसल्याने वर्षभरात दहा हजार जीव गेले. म्हणजे फाटकाची जागा, झेब्रा, गतिरोधक यांत जीव अडकलेले आहेत.

गतिरोधक कोणी रात्री उठून टाकायची वस्तू नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे गाडी पंचवीसच्या वेगाला त्यावरून नीट जाते. आधी सूचनेचा फलक, वर रंग, हे सगळं लागतं. अरुंद, उंच आणि बिनरंगाचा गतिरोधक दुचाकीवर मागं बसलेल्या बाईला पाडतो आणि कारवाल्याला फक्त चिडवतो. अर्ज करताना माप लिहून दे.

अर्ज एकट्याचा नसावा. दहा पालक, शाळेचे मुख्याध्यापक, प्रभागाचे नगरसेवक असे मिळून महापालिका आणि वाहतूक पोलिसांकडे जा. काय हवं ते चार ओळींत लिही: शाळेच्या दोन्ही बाजूंना वेगाच्या पाट्या, रंगवलेला झेब्रा, मापाचे गतिरोधक, फाटकासमोर पार्किंगला बंदी, भरताना-सुटताना एक माणूस. नागपुरात ‘जनआक्रोश’सारखी संस्था वर्षानुवर्षं रस्ता सुरक्षेसाठी झटते आहे, तिच्यातली बरीच मंडळी माझ्याच वयाची आहेत. त्यांच्यासोबत एक तास फाटकासमोर उभा राहिलास तर बरंच शिकशील.

आणि कधी धक्का लागलाच तर

पळायचं नाही. जमाव दिसला तरी पळायचं नाही. गाडी थांबव, इंजिन बंद कर, १०८ ला फोन कर, मग ११२ ला. लेकराला उगाच ओढून उचलू नकोस. मान किंवा पाठीला लागलं असेल तर हलवण्याने वाढतं. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धर. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायद्याने कर्तव्य आहे. जमावाने जिवावर बेतेल असं वाटलं तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा, पण घरी जाऊ नकोस.

अपघात दुसऱ्याचा असेल आणि तू तिथं असलास, तरीही थांब. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. तुला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती कोणी करू शकत नाही. पहिला तास फार मोलाचा असतो.

रविवारी एक काम कर

शाळेला सुटी असते तेव्हा सकाळी फाटकासमोर जा. भाच्यालाही ने. फाटकापासून रस्त्याच्या कडेने सतरा पावलं मोज आणि खडूने रेघ ओढ. तेवढ्यात तीसची गाडी थांबते. मग फाटकापासूनच सदतीस पावलं मोज, दुसरी रेघ ओढ. पन्नासच्या गाडीला तेवढं लागतं. दोन रेघांच्या मधे भाच्याला उभं कर आणि त्याला दोन्ही गाड्यांचं काय होतं ते समजावून सांग. तुला नीट सांगता आलं तर तुला समजलं. सोमवारी त्याच रस्त्याने ऑफिसला जाशील तेव्हा पहिल्या रेघेच्या हिशेबाने चालव, आणि घरात ज्याच्या ज्याच्या हातात चावी देशील त्याच्याकडून आधी हे करून घे.